क्रूझवर मोठी केबिन घ्यावी का? पैसे भरण्याआधी करायचा हिशेब

क्रूझ ठरवताना बहुतेक घरांत चूक एकाच जागी होते. जाहिरातीतला माणशी भाव बघितला जातो, इनसाइड (खिडकी नसलेली) आणि बाल्कनीची केबिन यांतला फरक ‘फक्त काही हजारांचा’ वाटतो, आणि ‘एकदाच तर जातोय’ म्हणून वरची केबिन घेतली जाते. पुढे दिवसभर बंदरावर फिरून केबिनचा उपयोग फक्त झोपण्यापुरता होतो. उलटही घडतं. सगळ्यात स्वस्त इनसाइड घेतली जाते आणि तान्ह्या बाळाला झोपवून आई-वडील रात्री नऊपासून काळोखात बसून राहतात.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ‘मोठी केबिन’ या शब्दात निदान पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: जमिनीवरची मोकळी जागा, उजेड, मोकळी हवा, जहाजातलं ठिकाण आणि सोबत मिळणाऱ्या सवलती. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते ठरवून तेवढ्याचेच पैसे मोजायचे आहेत. त्यासाठी क्रमही महत्त्वाचा आहे: आधी माणसं, मग मोजमाप, मग मार्ग, मग रुपये आणि त्यानंतर केबिनचा नंबर. बहुतेक जण रुपयांपासून सुरुवात करतात आणि नंबरापर्यंत पोहोचतच नाहीत.

टप्पा १ : कोण, किती वाजता, केबिनमध्ये काय करणार?

एका कागदावर प्रवासातल्या प्रत्येक दिवसाचे चार भाग करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक भागासमोर लिहा की त्या वेळी केबिनमध्ये जागं कोण असेल. झोपेचे तास मोजू नका. दिवा बंद केला की १५० चौरस फूट काय आणि ३०० काय, झोप सारखीच लागते.

तक्ता भरताना या माणसांचा विचार वेगळा करा:

- तान्हं बाळ किंवा दुपारी झोपणारं मूल. एका मोठ्या माणसाला रोज दोन-तीन तास केबिनमध्येच थांबावं लागतं. इथे बाल्कनीचे पैसे खरोखर वसूल होतात, कारण दार लावून बाहेर दिव्यात बसता येतं आणि आत बाळ अंधारात झोपतं.
- गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा. त्यांना जास्त चौरस फुटांपेक्षा लिफ्टजवळची केबिन आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची मोकळी वाट जास्त उपयोगी. अनेक जहाजांवर बाथरूमच्या दाराशी उंच उंबरठा असतो, रात्री पाय अडखळतो. व्हीलचेअर असेल तर ‘मोठी’ केबिन मागू नका, ‘ॲक्सेसिबल’ केबिन मागा. रुंद दार, सपाट उंबरठा आणि आधाराचे दांडे तिथेच असतात. अशा केबिन थोड्या असतात, म्हणून बुकिंग लवकर करावं लागतं.
- समुद्र लागणारी व्यक्ती. हिच्यासाठी महाग केबिन कधीकधी अपायकारक ठरते. कारण टप्पा ५ मध्ये आहे.
- बंद खोलीत जीव घाबरणारी व्यक्ती. हिच्यासाठी हिशेब करत बसू नका. निदान खिडकी घ्याच.
- मोठ्याने घोरणारी व्यक्ती. एका मोठ्या केबिनने हा प्रश्न सुटत नाही, दोन लहान केबिननी सुटतो.

पडताळा : तक्त्यात सगळ्या दिवसांचे मिळून केबिनमधले जागेपणीचे दिवसाउजेडी तास सहा-सातपेक्षा कमी निघाले, तर पुढचे टप्पे वाचताना तुमचा कल इनसाइड किंवा खिडकीच्या केबिनकडेच असू द्या.

टप्पा २ : ‘मोठी’ म्हणजे किती फूट?

आता मोजमाप. नव्या जहाजांवर साधारण इनसाइड केबिन १५० ते १८५ चौरस फुटांची असते. बाल्कनीची केबिन आतून १८० ते २२०, आणि बाहेर ४० ते ६० फुटांची बाल्कनी. ज्युनिअर सुइट २५० ते ३०० च्या घरात सुरू होतो. आकडा चौरस मीटरमध्ये दिला असेल तर १०.७६ ने गुणा.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. इनसाइड आणि साधी बाल्कनी यांच्या आतल्या जमिनीतला फरक पुष्कळदा २०-३० चौरस फुटांचाच असतो. बॅगा उघडायला, नमाज किंवा योगासनासाठी चटई पसरायला, मुलाचा पाळणा मांडायला जागा हवी म्हणून बाल्कनी घेणारे हमखास फसतात. बाल्कनी तुम्हाला उजेड आणि हवा देते, जमीन फारशी देत नाही. जमीन हवी असेल तर एकतर ज्युनिअर सुइट, नाहीतर दोन केबिन.

घरी करून बघण्यासारखी चाचणी:

१. हॉलच्या फरशीवर मास्किंग टेपने १० फूट बाय १६ फूट चौकट आखा. ही १६० चौरस फुटांची केबिन झाली.
२. दाराच्या बाजूने साधारण ४० चौरस फूट कापा. त्यात बाथरूम आणि कपाट आलं.
३. उरलेली जागा १२० फूट, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची बेडरूम. त्यात ६ बाय ६.५ फुटांची गादी टाका.
४. आता जितके जण जाणार आहात तितके सगळे एकाच वेळी त्यात उभे राहा आणि एकाने बॅग उघडा.

दोघांना हे सहज जमतं. तिसरा आला की एकाला गादीवर चढावं लागतं. चौघांचं काय होतं ते शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

सावधान : माहितीपत्रकातला आकडा बाल्कनी धरून आहे की सोडून, हे विचाराच. काही कंपन्या दोन्ही मिळवून एकच आकडा देतात. सेलिब्रिटी एज या जहाजावर २०१८ पासून असलेल्या ‘इन्फिनिट व्हरांडा’ केबिनमध्ये वेगळी बाल्कनी नसते. खोलीच्या टोकाची मोठी काच बटणाने अर्धी खाली सरकते आणि तीच बाल्कनी. खोली मोठी वाटते, पण काच उघडली की एसी थांबतो, आणि बाहेर बसणारा व आत झोपलेला यांच्यातला आडोसा उघड्या बाल्कनीइतका पक्का नसतो.

जुन्या जहाजांना वरचे आकडे लावू नका. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज १९९० साली बांधलेलं आहे. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच असत आणि इनसाइड केबिन आजच्या मानाने लहान असत. तिथे तिसरा माणूस घालण्याआधी टेपची चौकट आणखी आत घ्या.

टप्पा ३ : मार्गाला खिडकी लागते का?

उजेड आणि हवा विकत घ्यायची, तर बाहेर दिसणार काय आणि किती वाजता, हे आधी बघावं लागतं.

मुंबई–गोव्याच्या छोट्या फेरीत जहाज बॅलार्ड पिअरहून बहुधा संध्याकाळी सुटतं. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सामान लावून बाल्कनीत बसेपर्यंत अंधार पडायला आलेला असतो, आणि पुढचा बराच प्रवास रात्रीचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोव्यात फिरत असता. अशा दोन रात्रींच्या फेरीत बाल्कनीसाठी जादा पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाळ किंवा केबिनमध्येच बसून राहणारं ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर गोष्ट वेगळी.

लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. समुद्र खवळला तर होड्या थांबतात आणि तो दिवस जहाजावरच जातो. खिडकी किंवा बाल्कनी इथे थोडी अधिक उपयोगी पडते.

सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीत जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांत पाणी बहुतेक वेळा शांत असतं, पण हवा दमट. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की अनेक जहाजांवर एसी बंद पडतो. दुपारी तिथे कोणी बसत नाही, सकाळ-संध्याकाळच धरा. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओव्हेशन, ॲन्थम, स्पेक्ट्रम ऑफ द सीज यांसारख्या जहाजांवर काही इनसाइड केबिनमध्ये ‘व्हर्च्युअल बाल्कनी’ असते: जमिनीपासून छतापर्यंतचा पडदा, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र. हवा मिळत नाही, पण सकाळ झाली की नाही ते कळतं. ज्यांना फक्त काळोखाची अडचण आहे त्यांनी हा पर्याय आधी बघावा.

अलास्का आणि नॉर्वेचे फियोर्ड (डोंगरांत शिरलेल्या अरुंद, खोल खाड्या) यांचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. तिथे जहाज दिवसाउजेडी डोंगर-हिमनद्यांच्या जवळून जातं आणि बघण्यासारखं सगळं बाहेरच असतं. जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. थंड वाऱ्यात घोंगडी पांघरून, हातात गरम चहा घेऊन आपल्या बाल्कनीत तासन्‌तास बसता येतं. अमेरिकेतल्या लेकी-मुलांकडे गेलेले आई-वडील या क्रूझला जातात, त्यांना तर वरच्या मोकळ्या डेकवर गारठ्यात उभं राहणं झेपत नाही. एकच बाल्कनी आयुष्यात घ्यायची असेल तर ती इथे घ्या. हिमनदीसमोर जहाज साधारणपणे स्वतःभोवती वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दर्शन होतं, बाजूची फार काळजी नको.

इतर मार्गांवर बाजू बघा. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहा. मुंबईहून दक्षिणेला जाताना उजवीकडे पश्चिम, म्हणजे सूर्यास्त उजव्या बाजूच्या केबिनना दिसणार. परतीला तोच डाव्या बाजूला. ज्या दिवशी तुम्ही संध्याकाळी जहाजावर असणार आहात त्या दिवसाची दिशा धरा. केबिनच्या नंबरावरून बाजू ओळखायची पद्धत कंपनीगणिक बदलते, नकाशातच बघा.

टप्पा ४ : खरा फरक आणि ताशी भाव

आता रुपये. जाहिरातीतला भाव माणशी असतो आणि दोघांनी केबिन वापरायची हे धरून असतो. म्हणून दोन्ही केबिनची *पूर्ण कुटुंबाची, सगळ्या करांसह* अंतिम रक्कम मागवा. भाव लेखी घ्या आणि त्यात या गोष्टी आहेत का ते तपासा:

- बंदर शुल्क. हे केबिन कोणतीही असो, माणशी सारखंच असतं. म्हणून ‘बाल्कनी फक्त ३० टक्के महाग’ अशा टक्केवारीत अडकू नका, रुपयांतला फरक बघा.
- रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची बक्षिशी. अनेक कंपन्यांत सुइटला ती जास्त दराने लागते.
- भारतातून परदेशी पॅकेज घेत असाल तर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकणारा आगाऊ वसूल करतो तो कर. तो नंतर आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातो, आणि रकमेच्या टक्केवारीत असल्याने मोठ्या केबिनवर जास्त जातो.
- डॉलरमध्ये कार्डाने भरणार असाल तर बँकेचं परकीय चलन शुल्क.
- एकटे जात असाल तर पुष्कळदा दुसऱ्या माणसाचंही भाडं भरावं लागतं. मग केबिनमधला फरकही दुप्पट होतो.

फरक मिळाला की त्याला टप्पा १ मधल्या जागेपणीच्या दिवसाउजेडी तासांनी भागा. खालचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी आहेत.

*दोन रात्रींची फेरी :* दोघांचा मिळून फरक २१,००० रुपये. सुटण्याच्या संध्याकाळी १ तास, दुसऱ्या दिवशी सकाळी १, संध्याकाळी १, उतरण्याच्या सकाळी अर्धा. एकूण साडेतीन तास. भागाकार : ताशी ६,००० रुपये.

*सात रात्रींची अलास्का :* फरक ९६,००० रुपये. चढण्याच्या दिवशी २ तास, हिमनद्यांच्या दोन दिवसांत ६-६, बंदराच्या तीन दिवसांत २-२, पूर्ण समुद्रावरच्या एका दिवशी ४. एकूण २४ तास. ताशी ४,००० रुपये.

रक्कम साडेचारपट, तरी ताशी भाव कमी. छोट्या फेरीत वरची केबिन ‘थोडक्यात येते’ असं वाटतं ते म्हणूनच खोटं ठरतं.

सावधान : रात्री मोजाल तेवढे दिवस मिळत नाहीत. चढण्याच्या दिवशी केबिन दुपारी हातात येते आणि शेवटच्या दिवशी सकाळी आठ-नऊला रिकामी करावी लागते. चार रात्रींच्या प्रवासात पूर्ण दिवस तीनच.

ताशी भाव निघाला की घरात एकच प्रश्न विचारा: तेवढ्याच पैशांत दुसरं काय येतं? कधी इनसाइड केबिनमध्ये एक-दोन रात्री जास्त, कधी बंदरावरची चांगली सहल, कधी विमानाची सोयीची वेळ. ज्या दिवसांत बंदरं भरपूर आहेत तिथे सहल घ्यावी. समुद्रावरचे दिवस भरपूर असतील तर बाल्कनी.

टप्पा ५ : वर्ग नको, नंबर बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या महाग केबिन घेणाऱ्यांकडून जास्त होतात. एजंटकडून ‘बाल्कनी’ हा शब्द आला की लोक निश्चिंत होतात. पण एकाच वर्गातली एक केबिन शांत असते आणि दुसरीत पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या सरकतात. वर्गासमोरच्या अक्षर-आकड्याच्या कोडमध्येही मेख असते. दोन कोडमधला फरक अनेकदा खोलीचा नसतोच, फक्त ठिकाणाचा असतो.

जहाजाचा डेक प्लॅन (मजल्यांचा नकाशा) उघडा आणि या क्रमाने जा:

१. तुमच्या केबिनच्या बरोबर वर काय आहे? पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या आणि ढकलगाड्या. जॉगिंगचा पट्टा असेल तर पावलांचा धपधपाट.
२. बरोबर खाली काय आहे? नाट्यगृह, डिस्को किंवा बार असेल तर रात्री उशिरापर्यंत जमिनीतून ढोलासारखे ठोके येतात. कानात बोळे घालून हे थांबत नाही, कारण आवाज पलंगातून येतो.
३. शेजारी नकाशावर कोरी पांढरी जागा आहे? ती बहुधा कर्मचाऱ्यांची किंवा सामानाची खोली असते. दारांची आदळआपट दिवसभर चालते.
४. दोन केबिनमध्ये जोडदाराची खूण आहे? बाणाची किंवा तत्सम खूण असते, सूची बघा. शेजारी तुमचेच लोक असतील तर उत्तम. अनोळखी असतील तर त्या पातळ दारातून बोलणंसुद्धा ऐकू येतं.
५. खिडकी किंवा बाल्कनीसमोर लाइफबोट आहे? ‘अडलेलं दृश्य’ असं लिहिलेलं असतं, भावही कमी असतो. ज्यांना फक्त उजेड हवा त्यांच्यासाठी ही खरी किफायतशीर निवड आहे. दृश्यासाठी पैसे मोजणाऱ्यांसाठी नाही.
६. अगदी पुढे किंवा अगदी मागे आहे? पुढच्या खालच्या भागात नांगराच्या साखळीचा आणि धक्क्याला लागताना पुढच्या पंख्यांचा आवाज येतो, तोही नेमका पहाटे. मागच्या भागात थरथर जाणवते. मागच्या बाल्कन्या पुष्कळदा खोल आणि प्रशस्त असतात, पण धुराड्याची काजळी तिथे पडू शकते.

सर्वांत शांत केबिन तीच जिच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरही केबिनच आहेत.

आता समुद्र लागण्याविषयी. सी-सॉवर मधे बसलेला कमी हलतो आणि टोकाचा जास्त, तसंच जहाजाचं आहे. मधला भाग आणि खालचे मजले सर्वांत स्थिर. सुइट मात्र बहुतेक वेळा वरच्या मजल्यांवर आणि पुष्कळदा टोकांना असतात. म्हणजे दुप्पट पैसे मोजून जास्त हलणारी खोली मिळते. ज्याला घाटात गाडी लागते त्याच्यासाठी मधली, खालच्या मजल्यावरची, खिडकीची केबिन घ्या. क्षितिज दिसलं की मळमळ कमी होते.

पडताळा : केबिनचा नंबर, तिच्या वरचा व खालचा मजला, जोडदार, पलंगाची मांडणी. या चार गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय पैसे भरू नका. टूर कंपनीकडून पॅकेज घेत असाल आणि नंबर नंतर मिळणार असेल, तर निदान वर्गाचा कोड लेखी मागा.

टप्पा ६ : चौघं असाल तर एक मोठी की दोन लहान?

तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचं भाडं सामान्यतः पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं, म्हणून सगळे एका केबिनमध्ये कोंबले जातात. दोन केबिनचा भाव विचारलाच जात नाही. विचारा. पुन्हा नमुन्याचे आकडे घेऊ: बाल्कनीत पहिले दोघे प्रत्येकी ४२,०००, पुढचे दोघे प्रत्येकी २०,०००. इनसाइड माणशी ३०,०००.

- चौघे एका बाल्कनीत : १,२४,००० रुपये. आत सुमारे २०० फूट, एक बाथरूम.
- दोन इनसाइड : १,२०,००० रुपये. मिळून सुमारे ३२० फूट, दोन बाथरूम, दोन कपाटं.
- एक बाल्कनी, समोरच एक इनसाइड : १,४४,००० रुपये. बाल्कनी सगळ्यांची, झोप वेगवेगळी.

मुलं दहा-बारा वर्षांपुढची असतील तर तिसरा पर्याय आम्हाला सर्वांत सुखाचा वाटतो. सकाळी आठ वाजता सहलीला निघायचं असताना चार जणांची अंघोळ एका बाथरूममध्ये म्हणजे साडेपाचला उठणं आलं. तीन पिढ्या एकत्र जात असतील तर आजी-आजोबांना लिफ्टजवळची वेगळी केबिन द्या आणि नातवंडांची सोय समोर करा.

एकाच केबिनमध्ये राहायचं ठरलं तर पलंगांची मांडणी विचारा. तिसरा-चौथा पलंग एकतर सोफा उघडून होतो, नाहीतर छतातून खाली येतो. सोफा उघडला की बाल्कनीकडची वाट अडते. छतातला बंक शिडीचा असतो, लहान मुलांसाठी आणि रात्री उठावं लागणाऱ्यांसाठी तो नको.

सावधान : दोन केबिन घेतल्या की बहुतेक कंपन्या कागदावर प्रत्येकीत एक प्रौढ असावा असा नियम लावतात. बुकिंग तसं करा. प्रत्यक्ष कोण कुठे झोपेल ते चढल्यावर घरातच ठरवता येतं. आणि लहान मूल असेल तर बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा व दाराची वरची कडी कायम लावा.

टप्पा ७ : सुइटच्या सवलतींची किंमत लावा

सुइट घेताना जागा आणि सवलती यांचे पैसे वेगळे काढा. वेगळं रेस्टॉरंट, लाउंज, रांगेत पुढे प्रवेश, वायफाय, पेयं, धुलाई: प्रत्येकीसमोर *तुम्ही स्वतः पैसे देऊन ती घेतली असती का* एवढंच लिहा. मद्य न घेणाऱ्यांनी पेयांसमोर शून्य लिहावं. जैन किंवा काटेकोर शाकाहारी जेवण हवं असेल तर ते सुइटच्या रेस्टॉरंटात शिजतं की मुख्य भोजनगृहातच मिळतं, हे आधी विचारावं. जिथे छोट्या होड्यांनी उतरावं लागतं तिथे रांगेतला अग्रक्रम मात्र खरंच मोलाचा आहे.

एनसीएल या क्रूझ कंपनीचं ‘हेवन’, एमएससी या कंपनीचा ‘यॉट क्लब’, गेंटिंग ड्रीम या जहाजावरचं ‘पॅलेस’ हे जहाजातले वेगळे, बंदिस्त विभाग आहेत. तिथे जागेपेक्षा निवांतपणा विकत मिळतो. गर्दीने थकणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो पैशाला लागू पडतो. दिवसभर पाण्याच्या घसरगुंड्यांवर असणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही.

सावधान : ‘ज्युनिअर’ किंवा ‘मिनी’ सुइट हे पुष्कळदा फक्त खोलीचं नाव असतं, सुइटच्या सगळ्या सवलती त्यात येत नाहीत. यादी लेखी घ्या.

टप्पा ८ : बुकिंग आणि बोली

‘गॅरंटी’ केबिन म्हणजे वर्गाची हमी, नंबर कंपनी देईल. स्वस्त पडते. दोघं असाल, झोप गाढ असेल, समुद्र लागत नसेल तर खुशाल घ्या. बाळ, ज्येष्ठ किंवा दोन केबिन शेजारी हव्या असतील तर कधीही नको.

अनेक कंपन्या बुकिंगनंतर वरच्या वर्गासाठी बोली लावायला सांगतात. बोलीत चूक ठरलेली: स्क्रीनवरची रक्कम *माणशी* असते आणि दोन माणसांसाठी आकारली जाते, एकटे असाल तरी बहुधा दोघांची. बोली लावण्याआधी जुनं भाडं अधिक बोलीची दुप्पट ही बेरीज करा आणि त्या केबिनचा आजचा थेट भाव बघा. थेट भाव कमी निघाला तर बोलीचा विषयच संपला. शिवाय बोली लागली की केबिनचं ठिकाण तुमच्या हातात राहत नाही आणि पैसे कार्डातून लगेच जातात. टप्पा ५ प्रमाणे शांत केबिन निवडली असेल तर बोली लावू नका, आणि एजंटला बुकिंगवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करायला सांगा. नाहीतर फुकट मिळालेली वरची केबिन डिस्कोच्या डोक्यावर निघते.

शेवटचा हप्ता भरण्याच्या मुदतीच्या आदल्या आठवड्यात दोन्ही वर्गांचे भाव पुन्हा काढा. उतरले असतील तर मुदतीपर्यंत बुकिंग बदलता येतं का ते विचारा.

टप्पा ९ : चढल्यावरचा पहिला अर्धा तास

बॅगा उघडण्याआधी नळ, फ्लश, एसी, तिजोरी आणि बाल्कनीच्या दाराची कडी तपासा. बाथरूममध्ये गटाराचा वास येतो का बघा. दिवे बंद करून दोन मिनिटं शांत उभं राहा आणि ऐका. काही बिघाड असेल तर फोटो काढून लगेच स्वागत कक्षात जा. रांग लागण्याआधी गेलेल्यांचं काम आधी होतं.

लहान केबिन घेतली असेल तर जागा वाढवण्याचे दोन साधे उपाय: रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवा, आणि घरून पाच-सहा चुंबकी हुक न्या. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यावर टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल टांगता येतात. इस्त्री, पाण्यात बुडवायची हीटरची कांडी आणि एक्स्टेंशन बोर्ड घरीच ठेवा. आगीच्या भीतीने ही साधनं सुरक्षा तपासणीत काढून घेतली जातात.

केबिन बदलून हवी असेल आणि पहिल्या दिवशी ‘जहाज भरलंय’ असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा. कोण आलंच नाही, हे जहाज सुटल्यानंतरच कळतं. विचारायला जाताना हव्या त्या वर्गाचा आणि मजल्याचा नंबर लिहून न्या, आणि जादा पैसे किती लागतील ते हो म्हणण्याआधी एकूण रकमेत विचारा, माणशी नको.